विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कौतुकाने क्वचितच वापरली जाते. ज्याला धड घर नाही, ज्याचा मुक्काम आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा माणसाविषयी कींव आणि किंचित तुच्छता यांचे मिश्रण करून आपण ती उच्चारतो. म्हणून अलीकडे घरदार असलेली, सुस्थित आणि पोक्त मंडळीच हौसेने आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊ लागलेली पाहून आम्हांस प्रथम हसू आले. पुढे त्याच मंडळींत आमचा स्वतःचा समावेश होण्याची वेळ आली, तेव्हा हसू आवरून थोडा विचार करणे प्राप्त झाले.

प्रसंग असा घडला. अकोल्याचे आमचे एक स्नेही पाटबंधाऱ्यांची कामे करण्यात आयुष्य घालवून नुकतेच निवृत्त झाले. त्यांनी मोटारीमागे जोडून ओढावयाची एक चाकांवरची खोली बांधवून घेतली आहे. तिला व्यवहारात ट्रेलर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. तीत चौघांच्या निजण्याची सोय आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे, छतावर सूर्यप्रकाशावर वीज देणाऱ्या पट्ट्या आहेत आणि कोपऱ्यात एक लहानसे शौचकूपही आहे. येत्या हिवाळ्यात ही खोली घेऊन त्यांनी व आम्ही सहकुटुंब अमरावतीहून निघावे आणि यवतमाळ, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, मदुराई असे करीत कन्याकुमारी गाठावी, असा बेत ठरला. एका बाजूचे अंतर सतराशे-अठराशे किलोमीटर भरते. प्राध्यापकांना याद्या करण्याचा सराव असतो, असे आमच्या स्नेह्यांचे मत असल्यामुळे सामानाची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले.

पंधरा दिवस संध्याकाळी बसून आम्ही ती यादी केली. जादा चाक, जॅक, पाण्याची नळी, मच्छरदाण्या, औषधे, तांदूळ, डाळी, लोणच्याची बरणी, दोऱ्याचे रीळ, मेणबत्त्या असे करीत ती एकशे त्रेचाळीस वस्तूंवर पोहोचली. शेवटी ती मोठ्याने वाचून पाहताना आम्हांस एक गोष्ट खटकली. एवढ्या लांब यादीत एकाही माणसाचे नाव नव्हते. रस्त्यात कोणाकडे उतरावयाचे, कोणाला पत्र घालावयाचे, कोणासाठी काय न्यावयाचे, यांपैकी काहीच नव्हते. आणि नसण्याचे कारण उघड होते. कोणाकडेही उतरण्याची गरज पडू नये, म्हणूनच तर ही खोली बांधवून घेतलेली! मग मनात प्रश्न उभा राहिला तो असा की, ज्याला वाटेत कोणाचीच गरज नाही, तो प्रवास करतो असे म्हणता येईल काय? की तो केवळ आपले घर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवितो?

या हौसेचा इतिहास फार जुना नाही. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक निवृत्त आरमारी डॉक्टर इंग्लंडात होऊन गेले. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची एक प्रशस्त घोडागाडी केवळ सुखाच्या भ्रमंतीसाठी बांधवून घेतली. मौजेखातर चाकांवरचे घर बांधणाऱ्यांत त्यांना आद्य मानतात. या गाडीबरोबर एक सारथी असे आणि एक सेवक तीनचाकी सायकलवर बसून पुढे जात असे, जेणेकरून समोरून येणाऱ्यांना एवढे मोठे धूड येत असल्याची वर्दी मिळावी. तत्पूर्वीही त्या देशात चाकांवरच्या घरांत राहणारे लोक होतेच, ते जिप्सी. परंतु त्यांना पाहून गावकरी कोंबड्या मोजून घेत, आणि डॉक्टरसाहेबांना पाहून टोप्या काढीत. एकच वर्तन गरजेपोटी केले तर संशयास्पद आणि हौसेपोटी केले तर प्रतिष्ठित ठरते, हा न्याय त्या वेळेपासून या छंदाला चिकटलेला आहे.

आमच्याकडेही तो न्याय अपरिचित नाही. वऱ्हाडच्या वाटांवरून एके काळी बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून जात असत. मुलेबाळे, कुत्री, भांडी, देव असा सर्व संसार त्यांच्याबरोबर चाले. पुढे आगगाडी आली आणि त्यांचा व्यापार बुडाला. १८७१ च्या कायद्याने तर अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसण्यास कायदा रद्द होणे पुरत नाही. आज गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या कुटुंबाला गावकरी हटकतात, आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखून सरकार आम्हांसारख्यांना मात्र गावाबाहेर येऊन राहण्याचे आमंत्रण देते. या विसंगतीची जाणीव ठेवूनच आम्हांस पुढील विचार केला पाहिजे.

आमच्या स्नेह्यांना मात्र या खोलीत नवे असे काही दिसत नाही. त्यांचे बालपण मूर्तिजापूरकडे शेतीत गेले. ते म्हणतात, “प्रोफेसर, ही आपली बंडीच आहे, बैल तेवढे बदलले.” आणि यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ते खरे आहे. बंडीत भार मागे जास्त पडला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांची पकड सुटते. पुढे जास्त पडला तर तो सगळा बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता धुरकरी पोती रचताना आसाच्या किंचित पुढे वजन ठेवतो. ट्रेलरचाही नियम तोच. एकंदर वजनाचा साधारण दशांश जोडाच्या ठिकाणी टेकला पाहिजे. तसे न झाल्यास भर वेगात मागची खोली डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागते आणि पुढच्या मोटारीलाही बरोबर घेऊन जाते. आमच्या एकशे त्रेचाळीस वस्तूंपैकी कोणती कोठे ठेवावयाची, याचा नकाशा स्नेह्यांनी याच नियमाने आखला. ती तोलाची गोष्ट आम्हांस फार आवडली, कारण ओझे कोठे टेकते यावर प्रवासाचे सुखदुःख ठरते, हे तत्त्व वस्तूंपुरतेच खरे नसावे, असे आम्हांस वाटू लागले.

बंडीचा विषय निघाला की आमच्या पिढीस बहिरम आठवते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात, २० डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत ती यात्रा भरते. पूर्वी लोक तेथे बंड्या आणि दमण्या जुंपून जात. तट्ट्याखाली अंथरूण, मागे कडबा, बाजूला पीठ, तिखट आणि भांडी. राहुटी ठोकली की घर तयार. एका अर्थी ते आमच्या कॅराव्हॅनचेच पूर्वज होत. परंतु त्या राहुट्यांचे तोंड परस्परांकडे असे. एका चुलीवर रोडगे भाजले जात ते शेजारच्या चार राहुट्यांत पोहोचत. हंडी उतरली की वास घेत येणाऱ्यास ‘बसा’ म्हणण्याची रीत होती. घर बरोबर नेलेले असे ते दुसऱ्याला आत बोलावता यावे म्हणून. आमच्या स्नेह्यांची खोली पाहताना आम्ही तिला बसण्यासाठी ओटा कोठे आहे ते शोधले. तो नव्हता. दाराला मात्र दोन कुलुपे होती.

येथे कोणी म्हणेल की, आम्ही बेत आखण्यालाच दोष देत आहोत, आणि खरा प्रवास म्हणजे पिशवी उचलून वाट फुटेल तिकडे जाणे. तसे आमचे मत नाही. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर, म्हणजे परंपरेप्रमाणे रुक्मिणीचे माहेर, येथून पंढरपुरास जाणारी पालखी परंपरेने १५९४ पासून चालू असल्याचे सांगतात. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी जाते. या वाऱ्यांहून अधिक काटेकोर बेत आम्ही पाहिलेला नाही. कोणत्या तिथीस कोठे मुक्काम, दुपारचे जेवण कोणत्या गावी, चहा कोणाकडे, हे वर्षानुवर्षे ठरलेले असते, आणि एखाद्या घराण्याकडे असलेला पंगतीचा मान सहसा सोडला जात नाही. म्हणजे यादी तेथेही आहे, आणि ती आमच्या यादीपेक्षा लांब आहे. फरक इतकाच की ती माणसांची यादी आहे. वारकरी आपल्या गाठोड्यात फार थोडे नेतो, कारण उरलेले त्याच्यासाठी वाटेवरच्या घरांतून ठेवलेले असते. आम्ही सारे बरोबर नेतो, कारण वाटेवर आमच्यासाठी कोणी काही ठेवले असेल, असा आमचा भरवसा उरलेला नाही.

आणि वाटाही बदलल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. अमरावती-अकोला रस्ता पूर्वी खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातूनही जातो, पण त्यावर बंडीस मज्जाव आहे आणि वाटेल तेथे उतरण्याची सोय नाही. गावे दिसतात ती कुंपणापलीकडे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक मोडे आणि मग कुरुमला किंवा बोरगावला कोणाच्या तरी ओसरीवर दोन तास बसावे लागे. खड्ड्यांचे गुणगान करण्याइतके आम्ही भाबडे नाही. परंतु जो रस्ता प्रवाशाला कोठेच थांबवीत नाही, तो त्याला कोणाचा पाहुणाही होऊ देत नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

हे सर्व आम्ही एके रात्री जेवताना बऱ्याच आवेशाने बोलून दाखविले आणि यादी निम्मी करावी, लोकांवर भरवसा टाकावा, असा प्रस्ताव मांडला. आमच्या सौभाग्यवतींनी ताट बाजूला सारले आणि शांतपणे विचारले, “लग्नानंतर आपण तुळजापूरला गेलो होतो, तेव्हा मी दिवसभर पाणी का प्यायले नव्हते, ठाऊक आहे तुम्हांला?” आम्हांस ठाऊक नव्हते. “जायला जागा नव्हती म्हणून. तेव्हापासून प्रत्येक प्रवासात मी हेच करत आले आहे. तुमची ती ओसरी तुमच्यासाठी होती. या खोलीच्या कोपऱ्यात ते जे आहे ना, त्याच्यासाठी मी येते आहे. कन्याकुमारी नंतर.”

तीस वर्षांच्या सहवासात ही गोष्ट आम्हांस एकदाही सुचू नये, याची आम्हांस लाज वाटली. आणि त्याबरोबरच आमच्या तत्त्वज्ञानातील एक मोठी उणीव ध्यानात आली. वाटेच्या आतिथ्याची जी थोरवी आम्ही गात होतो, ते आतिथ्य ज्यांना मिळे त्यांच्याच दृष्टीने थोर होते. १९०१ च्या सुमारास नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांच्या भेटीस निघाले. ते मसूर स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर चांगले कपडे होते आणि खिशात पैसे होते. जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण वाटेत पाणी देणारे कोणी नव्हते. त्यामुळे अन्न असून ती मुले उपाशी निजली. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. अमेरिकेतही १९३६ पासून सुमारे तीस वर्षे व्हिक्टर ग्रीन या टपाल खात्यातील कर्मचाऱ्याने काढलेले एक मार्गदर्शक पुस्तक कृष्णवर्णीय प्रवासी जवळ बाळगीत. कोणत्या गावी कोणते दार आपल्यासाठी उघडेल, हे त्यावरून कळे. ज्या गावी कोणतेच दार उघडणार नाही तेथून जाताना ते अन्न, इंधन, इतकेच काय पण शौचाचे भांडेही मोटारीतून बरोबर नेत. अशा माणसांनी आपले घर पाठीवर घेतले तर त्यास एकलकोंडेपणा म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार? त्यांच्यासाठी ती स्वाभिमानाची एकमेव वाट होती.

तेव्हा, स्वावलंबन श्रेष्ठ की परावलंबन, असा प्रश्न सरसकट विचारणेच चुकीचे आहे. ज्याला दार नाकारले गेले त्याचे स्वावलंबन आणि ज्याला दार ठोठावण्याचा कंटाळा आला त्याचे स्वावलंबन, ही दोन्ही दिसावयास सारखी असली तरी एक नव्हेत. आमच्या सौभाग्यवतींचे पहिल्या प्रकारात मोडते. आमचे, प्रांजळपणे सांगावयाचे तर, दुसऱ्या.

शिवाय ज्यास आम्ही स्वावलंबन म्हणतो ते तरी कितपत खरे असते? आमच्या खोलीच्या टाकीचेच उदाहरण घ्या. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहिरीला पाणी लागते पण ते पिण्याच्या कामाचे नसते. गोडे पाणी नळाने लांबून यावे लागते आणि ते रोज येईलच असा नेम नाही. अशा गावी थांबून आम्ही नळी लावणार आणि टाकी भरून घेणार. मग पुढच्या गावी खिडकीत बसून चहा पिताना म्हणणार की, आम्हांला कोणाचे काही लागत नाही! कोणा बाईने चार दिवस पुरवून वापरावयाचे पाणी आमच्या टाकीत आले, हे आमच्या यादीत कोठेही लिहिलेले नसते. ऋण फिटत नाही. फक्त दिसेनासे होते.

ऋण हा शब्द आला की पूर्णेकाठचे ऋणमोचन आठवणे वऱ्हाडी माणसास अपरिहार्य आहे. तेथे येणाऱ्या लोकांची गैरसोय पाहून ज्यांनी घाट बांधविला ते गाडगेबाबा. १८७६ साली शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला, १९०५ साली त्यांनी घर सोडले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या अलीकडे, पेढी नदीच्या परिसरात, मोटारीतून जात असतानाच त्यांचा अंत झाला. म्हणजे घर सोडल्यापासूनचा सारा काळ वाटेवरच गेला. एवढ्या प्रवासासाठी त्यांच्याजवळ सामान किती होते? एक मडक्याचे खापर, अंगावर चिंध्यांची वस्त्रे आणि हातात खराटा. स्वतःला घर नाही असा हा माणूस पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधीत गेला. पंढरपुरातील त्यांची एक धर्मशाळा चोखामेळ्याच्या नावाची होती, याचा अर्थ मसूरच्या गाडीवानाची गोष्ट ज्याने वाचली आहे त्यास वेगळा सांगावयास नको. ज्यांच्यासाठी दारे बंद होती त्यांना, तुम्ही आपली दारे पाठीवर घेऊन फिरा, असे बाबांनी सांगितले नाही. त्यांनी त्यांच्यासाठी दार बांधले.

आणि आणखी एक. बाबा गावी गेले की आधी गाव झाडीत आणि मग भाकरी घेत. फुकटची भाकरी त्यांनी कधी पत्करली नाही, आणि भाकरीची गरजच नाही असा आवही आणला नाही. आमच्या मते पाहुणेपणाचे सगळे नीतिशास्त्र या क्रमात आले. घेणे टाळता येत नाही, हे मान्य करावे; आणि घेण्यापूर्वी त्या जागेचे काही देणे आपल्याकडून लागते, हेही मान्य करावे. बंडीच्या भाषेत सांगावयाचे तर भार पूर्णपणे दुसऱ्याच्या मानेवर टाकू नये, आणि तो इतका मागे ओढूनही घेऊ नये की जोडच सुटेल. दशांश का होईना, आपले वजन जगावर टेकलेले असावे.

या विचाराने आम्ही यादी पुन्हा हाती घेतली. कोपऱ्यातील शौचकूपाला अर्थातच हात लावला नाही. उलट, ज्या गावी आम्ही थांबू तेथील बायाबापड्यांनाही ते मोकळे असावे, अशी सौभाग्यवतींची अट पडली, आणि आमच्या स्नेह्यांनी बरीच कुरकुर करून ती मान्य केली. दोन कुलुपांपैकी एक काढून ठेवले. दाराबाहेर अंथरावयास एक सतरंजी आणि येणाऱ्यासाठी चार जादा पेले घेतले. खारपाणपट्ट्यात टाकी भरावयाची नाही, असा नियम केला. यादीच्या शेवटी एक निराळा कागद जोडून त्यावर माणसांची नावे लिहावयास बसलो. आदिलाबादेस एक जुना विद्यार्थी, कर्नूलला स्नेह्यांचे एक सहकारी, मदुराईस शेजाऱ्यांची लेक. पुष्कळ आठवूनही नावे नऊच भरली. एकशे त्रेचाळीस वस्तू आणि नऊ माणसे! आमच्या पन्नाशीनंतरच्या आयुष्याचा जमाखर्चच जणू कोणी समोर मांडला, असे आम्हांस झाले.

यादी मिटवून ठेवताना सौभाग्यवतींनी ती मागून घेतली आणि चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

“केरसुणी लिहिली आहे का?” त्यांनी विचारले.

“सदतिसावी वस्तू,” आम्ही म्हटले.

“ती आतल्यासाठी झाली,” असे म्हणून त्यांनी आमच्या हातातली लेखणी घेतली आणि खाली एकशे चव्वेचाळिसावी वस्तू लिहिली : खराटा, बाहेरच्यासाठी.